सगुणा उतरली ते शहर

“...पण त्यातलं राहण्याजोगं कोणतं, तेवढं सांगा बाबा.”

नारोपंत वैद्यांनी दोन्ही शहरांचं वर्णन करून संपवलं होतं. फत्तेनगरची दगडी तटबंदी, रुंद पेठा, दरबारात वैद्याला मिळणारा मान. सावळापूर त्यापुढे लहानच. घरं बैठी, पाठशाळा एकच. आपल्याला दोन्हीकडून बोलावणं आहे, हेही त्यांनी ओघात दोनदा सांगून घेतलं.

दर्ग्याच्या पायरीवर बसलेले दरियाबाबा ऐकत होते.

“तू तर ठरवूनच आलायस,” ते म्हणाले.

“फत्तेनगर,” पंत म्हणाले. “फक्त तुमचा आशीर्वाद हवा.”

“पाहायला एकटाच गेला होतास?”

नाही, बायको बरोबर होती, पंतांनी सांगितलं. सगुणाला घरी एकटीला ठेवण्याची सोय नव्हती. वर्षामागे त्यांची तीन वर्षांची मुलगी गोवराने गेली. ज्यांच्या हातगुणाची पंचक्रोशी शपथ घ्यायची, त्यांच्याच घरात औषध लागू पडलं नाही. तेव्हापासून सगुणा बोलत नव्हती. वाढलं तर जेवायची, बसवलं तर बसायची.



“मग... ती आपणहून गाडीतून कुठे उतरली?”

पंतांना हा प्रश्न अस्थानी वाटला. उत्तर द्यायचं म्हणून ते आठवू लागले.

फत्तेनगरात तीन दिवस गेले, पण ती गाडीचा पडदाही बाजूला करत नव्हती. हात धरून उतरवावं लागे.

सावळापुरात गाडीवानाने बैलांना पाणी पाजायला एका बागेपाशी गाडी सोडली. जुनी, मोठी बाग. दरवान नाही, फाटक नाही. बायका सावलीत भाजी निवडत होत्या, एक विणकर पंचा तोंडावर घेऊन आडवा झाला होता. कुणी कुणाला, इथे का बसलास, म्हणून विचारत नव्हतं. पंत पेठ पाहून परतले तर गाडी रिकामी.

ते शोधत गेले, तर सगुणा एका बकुळीखाली, गवतात अनवाणी बसलेली. शेजारी एक अनोळखी म्हातारी. दोघी मिळून फुलं वेचत होत्या. पंतांना पाहून सगुणाने ओंजळ पुढे केली आणि म्हणाली, “वास बघा.”

वर्षभरातला तिचा पहिला शब्द.

“माझा नवा काढा लागू पडला,” पंत बाबांना म्हणाले. “त्याच संध्याकाळी प्रमाण टिपून ठेवलं मी.”

“काढा फत्तेनगरातही देत होतास?”

“...हो.”

“तोच?”

पंतांनी होकारार्थी मान हलवली. त्या दिवशी ओंजळ पुढे आली तेव्हा त्यांनी फुलांचा वास घेतलाच नव्हता. घाईने तिची नाडी धरली होती.

त्यांची मान खाली गेली. मुलगी गेली तेव्हा चारचौघांत आवरून धरलेले डोळे आता भरून वाहू लागले. त्यांनी ते पुसले नाहीत.

“सावळापूर,” अखेर ते म्हणाले.

मग उठून ते बाबांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले. आयुष्यात ते फार थोड्यांपुढे वाकले होते.

बाबांनी पाय मागे घेतले.

“माझे नकोत. ती बाग ज्याने लावली, त्याचे धर.”

“तो तर कधीच गेला असेल, बाबा. नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही. त्याचे पाय आता कुठे शोधू?”

बाबा हसले.

“मग तू लावशील त्या बकुळीखाली बसायला जे अजून जन्माला यायचेत... त्यांचे धर.”