आज-उद्या पडणारी भिंत

टॉवरसाठी चाळ हवी असलेले सामंतशेठ भर दुपारी अंगणात गरजले, "ही भिंत आज पडेल नाहीतर उद्या! आधी खोल्या रिकाम्या करा, करारनाम्याचं मागाहून बघू."

माणसं गर्भगळीत झाली. कुणी पोराला उराशी धरलं, कुणी बोचकी बांधायला धावलं. चाळीतली इंदू पाष्टे बोचक्याला गाठ मारता मारता थांबली. करार न करता बाहेर पडलो, तर उद्या त्या टॉवरच्या दारात तरी कोण उभं करणार आपल्याला? तिनं घाबरतच भिंतीकडे पाहिलं आणि ती पाहतच राहिली. मग पदर खोचून पुढे झाली.

"निघतो हो शेठ. पण आधी तुमची नवी कोरी गाडी हलवा. त्याच भिंतीच्या सावलीत लावलीय. आणि ड्रायव्हर आत घोरतोय, त्याला तरी उठवा!"

बोचक्यांच्या गाठी भराभर सुटल्या.