मागच्या सीटवरचं माणूस

पौषातली सकाळ होती. घाटातलं धुकं पार खाली दरीत उतरून, तापवलेल्या दुधावर साय धरावी तसं निवांत बसलं होतं. वर आभाळ धुतल्यासारखं निळं. ऊन कोवळं, आणि रस्ता कोरडा ठक्क.

"वस्ताद, एका दावणीला वाघ आणि गाय बांधता येतील काय?"

दस्तगीर वस्ताद अंगणात कोंबड्यांना कण्या टाकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाचा वाघ? कुणाची गाय?"

विचारणारा अभिनंदन मगदूम. शेजारीच राहायचा, मधे मेंदीचं कुंपण तेवढं. घाटमाथ्यावरच्या त्या गावात त्याचा काजूचा कारखाना होता. वय पस्तीस. गाडी पळवण्यात अख्ख्या तालुक्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. शर्यतीत मिळालेल्या तीन ढाली त्यानं सोप्यात अशा लावल्या होत्या, की पाण्याचा पेला घेणाऱ्या पाहुण्याच्या नजरेस त्या पडल्याच पाहिजेत.

वस्ताद पंच्याहत्तरीचे. शाळेचं तोंड बघितलेलं नाही. गावातले निम्मे ड्रायव्हर त्यांच्या हाताखालून गेले, म्हणून वस्ताद. अभिनंदन मात्र कुणाच्याच हाताखाली शिकला नव्हता, आणि ते तो अभिमानानं सांगायचा.

"वाघ म्हणजे वेग," तो म्हणाला. "आणि गाय म्हणजे घरदार. मला दोन्ही एका गाडीत पाहिजेत. ही बघा, आणलीय. शोरूमवाल्यानं संध्याकाळपर्यंत दिलीय. घेतो का नाही, ते आज सांगायचं."

दारात लाल गाडी उभी होती. लहानखुरी, बसकी. दबा धरून बसलेल्या मांजरीगत.

"शून्यावरनं शंभरावर सात सेकंदात जाते, वस्ताद."

"आणि शंभरावरनं शून्यावर?"

"ब्रेकही चांगले आहेत की."

"शून्यावर एवढं काय वाईट असतंय रं, सात सेकंदात पळून जायला?"

अभिनंदन हसला. पण थांबला नाही. चार दारं आहेत म्हणाला, मागं तिघं बसतात म्हणाला, डिकीत दोन बॅगा आणि पोरीची सायकल मावते म्हणाला.

"दुसरी एक बघितलीय. उंच, ऐसपैस, मऊ. पण चालवताना गादीवर बसून बैलगाडी हाकल्यागत वाटतं. त्रिशला म्हणते..."

त्रिशला त्याची बायको.

"काय म्हणती सूनबाई?"

"म्हणते, कुठलीही घ्या. चंदना बसली तर मी बसेन."

वस्तादांचा कण्यांचा हात थांबला.

चंदना ही अभिनंदनची लेक. सहा वर्षांची. बापाच्या गाडीत बसायचं म्हटलं, की ती आधी स्वयंपाकघरात जायची आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन यायची. कुणी शिकवलं नव्हतं. ती पिशवी दोन्ही हातांनी तोंडापाशी धरून, घाट संपेस्तोवर बसायची. दिवाळीपासून तर बसेनाशीच झाली. मायलेकी आजोळी निपाणीला जायच्या त्या एसटीनं. आणि एसटीच्या मागनं, रिकामी गाडी घेऊन अभिनंदन.

"दोष गाडीचा आहे," अभिनंदन म्हणाला. "जुनी गाडी मागं फार आपटते. चांगली घेतली की बसेल पोरगी. म्हणून तर विचारायला आलो."

वस्तादांनी हात झटकले.

"चल. मला बशीव."

अभिनंदननं पुढचं दार उघडलं. वस्ताद मागच्या दाराशी जाऊन उभे.

"पुढं बसा की, वस्ताद."

"चंदना कुठं बसती?"

"मागं. मधी."

वस्ताद मागं, मधी बसले. पट्टा लावून घेतला, आणि डोळे मिटले.

गावापासून अर्ध्या घाटात वनखात्याचा नाका आहे. चौदा किलोमीटर. अभिनंदननं त्या दिवशी आपली सगळी विद्या पणाला लावली. गाडी बोट दाखवावं तिकडं वळत होती. इंजिनाचा आवाज तर असा, की अंगावर रोमांच यावेत. नाक्यावर गाडी उभी करून त्यानं घड्याळ बघितलं.

"एकोणीस मिनिटं!" तो मागं वळला. "कशी वाटली गाडी?"

"गाडी कुठं बघितली? डोळं मिटलं हुतं."

"मग?"

"तीन बार मला इसरलास."

"आँ?"

"जांभळीच्या वळणाला. मग त्यो भाजीचा टेंपो मागं टाकलास तवा. आणि हितं नाक्याच्या आदी, सरळ रस्ता आला तिथं... तिथं तर मी गाडीतच नव्हतो."

त्या तीनच ठिकाणी अभिनंदनची छाती आनंदानं भरून आली होती. बरोब्बर त्या तीन ठिकाणी. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ह्या माणसाचे तर डोळे मिटलेले. छातीतलं ह्यांना मागं बसून कसं कळलं?

"उतर," वस्ताद म्हणाले. "हितं ये. मधी बस."

"तुम्ही चालवणार? वस्ताद, तुमचं डोळ्याचं ऑपरेशन..."

"झालंय. म्हणून तर दिसतंय."

वस्तादांनी चपला काढून बाजूच्या सीटखाली सारल्या. स्टेअरिंगला हात लावून डोळ्यांना लावला. गाणी बंद केली. आणि गाडी चढाला लागली.

अभिनंदन मागं, मधल्या जागेवर. तिथून रस्ता दिसत नव्हता. दोन सीटांच्या पाठी आणि मधे आभाळाची एक चिंधी, एवढंच. त्याच्या मनात आलं, पोरीला तर तेवढंही दिसत नसणार. तीन वर्षं अशीच जागा त्याच्या जुन्या गाडीत होती. तो तिथं एकदाही बसला नव्हता.

पहिलं वळण आलं. त्यानं अंग आवळून धरलं.

काहीच झालं नाही.

म्हातारा गोगलगायीसारखा चालवतोय, असं त्याला वाटलं. त्यानं खिडकीतून बघितलं, तर करवंदीच्या जाळ्या मागं पळत होत्या. चांगल्या पळत होत्या. दुसरं वळण आलं, तिसरं आलं. निजलेलं मूल एका मांडीवरनं दुसऱ्या मांडीवर द्यावं, तसं एक वळण त्याला पुढच्या वळणाच्या हवाली करत होतं. धक्का कुठंच नव्हता. फक्त हवाली करणं होतं.

वस्तादांची मान जराशी मागं कललेली होती. आतल्या खोलीतून कुणी हाक मारील, म्हणून माणूस कान देऊन बसतं ना, तशी.

अभिनंदनला एवढंच आठवतं...

त्यानं डोळे उघडले, तेव्हा गाडी गावच्या कमानीपाशी उभी होती. त्यानं घड्याळ बघितलं. मनगट झटकून परत बघितलं.

अठरा मिनिटं. आणि तीही चढाला.

"वस्ताद, मला डोळा लागला होता?"

"घोरत हुतास."

दुसऱ्याच्या गाडीत बसलं की ज्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहायचा, असा हा गडी. तो खाली उतरला आणि वस्तादांच्या पायांशी वाकला.

"आरं, चपला तर घालू दे!"

"कुठं शिकलात हे?"

वस्ताद गाडीतच पाय बाहेर सोडून बसले.

"पिल्लांनी शिकीवलं. कोंबडीच्या."

"पिल्लांनी?"

"वरच्या हॅचरीतनं खाली कोकणात पिल्लं न्यायचो. एका दिसाची. जीव केवढा, कापसाएवढा. खोक्यात भरलेली. गाडी एका अंगाला कलली, की सगळी त्याच कोपऱ्यात गोळा हुत्यात. एकावर एक. आणि खालची..."

"मग हळू चालवायचं," अभिनंदन म्हणाला.

"हळू गेलं तर उन्हानं जात्यात. जोरात गेलं तर एकमेकांखाली."

वस्तादांनी सीटखालच्या चपला ओढून घेतल्या.

"पहिल्या खेपेला लई जोरात उतरलो. खालच्या हाटेलात फुशारकीनं सांगितलंबी, घाट किती टायमात मारला ते. मग खोकी उतरीवली. सगळ्यांतनं चिवचिव. एक खोकं मुकं उतरलं."

"मालकानं शिव्या दिल्या असतील."

"न्हाई. ते खोकं माझ्या मांडीवर ठेवलं, आणि घरात निघून गेला."

कमानीवर एक होला येऊन बसला, घुमला, उडून गेला.

"तवापासनं हात पुढं आणि कान मागं," वस्ताद म्हणाले. "चिवचिव चौफेर हाय, म्हणजे सगळी आपापल्या जाग्याला हायत. एका कोपऱ्यातनं याया लागली, म्हणजे माझं वळण चुकलं. एकतीस वर्सं घाट मी कानानं बघितला."

"मग मी कुठली घेऊ? ही का ती मऊ?"

वस्तादांनी चपला घातल्या.

"जा. पोरीला फिरवून आण," म्हणाले, आणि आपल्या घराकडं चालू लागले.

त्रिशला दारातच उभी होती.

"काय म्हणाले वस्ताद?"

"काही नाही म्हणाले."

"एवढा वेळ काही नाही म्हणाले?"

अभिनंदन लेकीसमोर जमिनीवर मांडी घालून बसला.

"चंदू, नाक्यापर्यंत येतेस?"

चंदनानं आईकडं बघितलं. मग बापाकडं. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली, आणि पिशवी घेऊन बाहेर आली.

एरवी अभिनंदन चिडायचा. गाडीत पिशवी कशाला, म्हणायचा. आज त्यानं पिशवीकडं बघितलं आणि नुसती मान हलवली. त्रिशलानं ते पाहिलं. तिनं पायात चपला घातल्या.

"आज गाडीला अंगारा लावलाय वाटतं वस्तादांनी," ती म्हणाली, आणि लेकीशेजारी बसली.

अभिनंदननं गाणी बंद केली.

पहिलं वळण. मागनं आवाज आला, चुर्र.

लेकीच्या मुठीत पिशवी आवळली होती. त्याचा पाय आपोआप सैल झाला.

दुसरं वळण. चुर्र... जरा कमी.

हा आवाज त्याच्या जुन्या गाडीत दिवाळीपर्यंत होता. त्यानं तो आज ऐकला.

तिसऱ्या वळणाला त्यानं अलीकडूनच गाडी हळू केली आणि वळणातनं अलगद वेग दिला. पिशवी वाजली नाही. अभिनंदननं शिकाऊ माणसासारखं स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. तीन ढाली मिळवणारा गडी, पण कपाळावर घाम.

जांभळीचं वळण आलं आणि गेलं. मागं सगळं शांत.

फार शांत.

मुकं खोकं डोळ्यांसमोर आलं. आरसा आभाळानं भरलेला, त्यात काही दिसेना. वळून बघावं तर पुढं उतार...

"पप्पा."

"हां?"

"त्या धुक्याच्या खाली माणसं राहतात?"

"राहतात की. बरीच राहतात."

"मग त्यांना वाटत असेल, ही माणसं आभाळात गाडी चालवतात."

त्रिशला हसली. त्या गाडीत, त्या घाटात ती हसली. अभिनंदननं खाली दरीकडं एकवार बघितलं. पांढरं धुकं काठोकाठ भरलेलं, त्यावर ऊन, आणि वर ही तीन माणसं. हजार वेळा तो ह्या रस्त्यानं गेला असेल. हे इथं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

येताना चढाला त्यानं एकदा गाडीला मोकळी सोडली. गाडी उसळून वर निघाली. मागं खिदळणं झालं.

"अजून एकदा, पप्पा!"

घरापाशी आले तर वस्ताद कुंपणाशी उभे.

"किती मिन्टं लागली रं?"

अभिनंदननं मनगटाकडं बघितलं. मग वस्तादांकडं.

"...बघायचंच राहिलं."

वस्तादांनी फाटक उघडलं. लाल गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली. पुढं बघितलं, मागं बघितलं, चाकाला पायानं टोचून बघितलं. मग वाकून काचेतून आत डोकावले. मायलेकी अजून उतरल्या नव्हत्या. धुक्याखालच्या माणसांचं जेवण झालं असेल का नाही, ह्यावर त्यांचं जोरात भांडण चाललं होतं.

वस्ताद सरळ झाले.

"घे," म्हणाले. "गाडी चांगली हाय."