एका वाटीतला फेस

चिपळूणच्या सुलभाकाकूंच्या गाडीला स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या होत्या. खडीच्या रस्त्यावरून आल्यापासून ती मागच्या डाव्या चाकावर बसू लागली. शोरूमचे इंजिनिअर बारटक्के घरी आले, लॅपटॉप जोडून म्हणाले, "गळती नाहीच. सगळं सस्पेन्शन बदलावं लागेल. महिनाभर गाडी विसरा."

"अहो, परवा लेकीला बाळंतपणाला आणायचंय!"

काकू आतून वाटीभर साबणाचा फेस घेऊन आल्या. नवा सिलिंडर जोडल्यावर रेग्युलेटरला लावतात, तसा त्यांनी तो त्या बसलेल्या चाकामागच्या हवेच्या नळीला लावला. भराभर बुडबुडे आले.

बारटक्के हसले. "काकू, ही शेगडी नाही. साबण म्हटला की बुडबुडे येणारच."

काकूंनी त्याच वाटीतला फेस उरलेल्या तिन्ही चाकांच्या नळ्यांना लावला. तिथे एकही बुडबुडा उठला नाही.

"साबण तोच आहे, साहेब. मग या तिघी नळ्या गप्प का?"

बारटक्क्यांनी लॅपटॉप मिटला आणि बाह्या सरसावल्या. गाडी टेकूवर घेऊन त्यांनी नळीचं चिरलेलं टोक कापलं आणि नळी पुन्हा घट्ट बसवली. टेकू काढून इंजिन सुरू केलं, तशी पिशवीत हवा भरून गाडी हळूहळू सरळ उभी राहिली.

मग ते घसा खाकरून म्हणाले, "काकू, ती वाटी जरा इकडे देता? एकदा खात्री करून घेतो."