कमिटीचा दहावा

विलायतेहून परतलेल्या दिवाणसाहेबांना ‘सभा’ हा शब्द गावंढळ वाटे. वाघेरी संस्थानात विहीर हवी म्हणून त्यांनी आधी मीटिंग घेतली, मग कमिटी नेमली, तिच्यावर कौन्सिल बसवलं. विहीर झाली नाही. लोक कुरकुरले, तेव्हा त्यांनी जमावबंदी पुकारली. सूट फक्त मर्तिकाला.

दुसऱ्याच दिवशी अख्खा गाव कोरड्या नदीत पिंड मांडून बसला.

“ही कसली मीटिंग?” दिवाणसाहेब कडाडले.

“दहावा आहे,” गोदाक्का पाटलीण म्हणाली.

“कोण गेलं?”

“आपली कमिटी. तीन वर्षं हलली नाही, म्हणजे गेलीच. पण पिंडाला कावळा शिवेना. जीव विहिरीत अडकलाय तिचा. अध्यक्ष आपण, म्हणजे सर्वांत जवळचे. वचन द्या, आम्ही उठतो.”

दिवाणसाहेबांनी हॅट काढली आणि कावळ्यांकडे बघत वचन दिलं.