छताजवळचा प्लग

आमच्या गल्लीला पुरासाठी एक होडी हवी होती. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पाणी चढलं की त्यांना न्यायचं कसं? मामंजी अर्ज घेऊन गल्लीतल्याच वॉर्ड ऑफिसात तीनदा हेलपाटे घालून आले. चौथ्या वेळी मीही गेले, नव्या सुनेनं गप्प बसायचं या अटीवर.

पूरनियंत्रणाचे बेळंकेसाहेब वैतागले. "किती वेळा सांगायचं, काका? दोन वर्षं संशोधन करून पुराचा नकाशा बनवलाय. थांबा, दाखवतोच."

पण प्रोजेक्टर लावायला प्लगपर्यंत हात पोचेना. शेवटी शिपाई खुर्चीवर चढला, त्यानं छताजवळच्या प्लगात पिन खोचली आणि ती सैल म्हणून धरून वरच उभा राहिला. भिंतीवर निळं पाणी शहरभर पसरलं. आमची गल्ली तेवढी पांढरी.

"बघा! इथं पाणी येतच नाही. कॉम्प्युटर तुमच्यापेक्षा हुशार आहे."

मामंजी अर्जाची घडी घालू लागले. माझ्याच्यानं राहवेना.

"साहेब, हे ऑफिस आमच्याच गल्लीत ना?"

"मग?"

"इथं पाणी येत नाही, तर सगळे प्लग छताजवळ कुणी बसवून घेतले?"

साहेब प्रोजेक्टर बंद करायला वळले. वरून शिपाईच बोलला, "साहेबांनीच की, वहिनी. गेल्या पुरात आधीचा कॉम्प्युटर बुडाला ना!"

दुसऱ्या दिवशी होडी दारात आली. आता कुठल्याही ऑफिसात जाताना मामंजी आधी मला विचारतात, "सूनबाई, येतेस का गप्प बसायला?"