पाणकोळीण, करकोचे आणि ठिकरी बेट

एका खाडीच्या तोंडाशी, जिथे गोडं पाणी संपतं आणि खारं सुरू होतं, तिथे एक म्हातारी पाणकोळीण आपल्या थव्यासह राहत असे. पाणकोळी म्हणजे तो मोठा पांढरा पक्षी, ज्याच्या चोचीखाली कातडीची झोळी लोंबते. बाकीचे पाणकोळी त्या झोळीत मासे धरतात आणि गप्प बसतात. हा थवा मात्र झोळीत उतारू बसवून त्यांना बेटांवर पोचवायचा. समोर समुद्रात तीन बेटं होती : मोठं बेट, मधलं बेट, आणि सगळ्यांत लांब, पाण्यावर कुणी खापराचा तुकडा टाकावा तसं, ठिकरी. खारी, उंदीर, सरडे, बेडूक, ज्यांना पंख नाहीत आणि खारं पाणी सोसत नाही, त्या सगळ्यांचं येणं-जाणं या झोळ्यांमधून चाले.

ठिकरीवर झरा नव्हता. खडकात एक खळगा होता. पावसाळ्यात तो काठोकाठ भरायचा आणि होळीच्या सुमारास कोरडा पडायचा. तेव्हापासून पुन्हा पाऊस येईपर्यंत पाणकोळीण रोज एक झोळी गोडं पाणी नेऊन त्यात ओतत असे. तिची आई ओतायची, म्हणून तीही ओतायची. याला ती काम म्हणतच नव्हती. आपण श्वास घेतो हे कुणी चारचौघांत सांगत बसतं का?

पण थव्याचे दिवस फिरले होते. लागोपाठ दोन वर्षं वादळं झाली आणि कितीतरी पंख दुखावले. पंधरा पाणकोळी होते त्यांचे सहा उरले. फेऱ्या चुकू लागल्या. एका खारीला मुलीच्या लग्नासाठी मधल्या बेटावर जायचं होतं. ती पोचली तेव्हा नातवंडं झाडावर चढत होती. किनाऱ्यावर खोळंबलेले उतारू पाणकोळिणीला ऐकू जाईल असं बोलायचे. "म्हातारीला झेपत नाही, तर सोडत का नाही?"

हे तिला लागायचं. फार लागायचं. ती आखडलेला पंख चोचीने ओढून सरळ करायची आणि पुन्हा उडायची.

अशात थंडी सुरू झाली आणि उत्तरेकडून करकोचे आले. केवढी त्यांची रांग! उंच मानेचे, राखी अंगाचे, एकाच वेळी पंख मारणारे. हिमाचे डोंगर ओलांडून आलेले पक्षी ते, त्यांना तीन बेटं म्हणजे अंगणच. त्यांचा म्होरक्या एका सकाळी बांधावर उतरला आणि अदबीने मान लववून म्हणाला, "बाई, तुमच्या फेऱ्या आमच्याकडे द्या. उतारू आमच्या पाठीवर बसतील. तुमच्या थव्याने आता विसावा घ्यावा."

पाणकोळिणीचा नवरा शेजारीच चिखलात बसला होता. तो पुटपुटला, "अगं, घाई करू नकोस."

"तुम्ही गप्प बसा हो," ती म्हणाली आणि म्होरक्याकडे वळली. "तिन्ही बेटं चालवाल? ठिकरीसुद्धा?"

"चालवू."

"उतारूला अर्ध्यात उतरवायचं नाही."

"मुळीच नाही."

"आमच्या मासे धरायच्या जागा आमच्याच राहतील."

"आम्ही दाणे खातो, बाई. मासे तुम्हालाच लखलाभ."

प्रत्येक गोष्टीला हो म्हणणारा असा पाहुणा तिला जन्मात भेटला नव्हता. तिने फेऱ्या देऊन टाकल्या. पाण्याचं मात्र ती बोललीच नाही. तिच्या डोक्यातच आलं नाही.

आणि मुलांनो, खरं सांगायचं तर करकोच्यांनी काम झकास केलं. दिवसातून चार-चार फेऱ्या! उतारू हरखून गेले. ती खार सगळ्यांना सांगत सुटली, "काय ती उंची, काय तो वेग! नाहीतर ती झोळी. माशांचा वास आठ दिवस अंगाला." पाणकोळीण बांधावर बसून हे ऐकायची आणि मासा तोंडात तसाच धरून ठेवायची.

थव्यातले चार तरणे पाणकोळी म्होरक्याने दूरच्या धरणावर धाडले. "इथे त्यांना काम नाही, तिथे मासे भरपूर आहेत," तो म्हणाला. त्यातही चूक काढायला जागा नव्हती. उरले ती दोघं, नवरा-बायको.

मग ठिकरीची फेरी रोजची होती ती आठवड्याची झाली. आठवड्याची होती ती पंधरवड्याची झाली.

"का हो?" पाणकोळिणीने विचारलं.

"उतरायला जागा अरुंद, आणि पाठीवर बसायला कुणी नाही," म्होरक्या म्हणाला. "तिथे आहे तरी कोण? एक चिचुंद्री आणि मूठभर बेडूक. पण शब्द दिलाय, जातो आम्ही."

पाणकोळिणीच्या जिवाला तेव्हापासून चैन पडेना. ती बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, वळायची, पुन्हा चालायची. चिखलात तिच्या पावलांची वाट पडली. परत येणाऱ्या प्रत्येक करकोच्याला ती अडवायची. "ठिकरीला गेला होतास? चिचुंद्री दिसली? खळग्यात पाणी किती आहे?"

"खळगा? तो कुठे असतो?" करकोचा विचारायचा.

एकदा एकाने सांगितलं, "चिचुंद्रीला पिल्लं झालीत, पाच. डोळे उघडायचेत अजून. ती म्हणाली, मावशीला सांगा, यंदा खळगा लवकर उतरतोय." त्या दिवशी पाणकोळिणीने मासा तोंडात घेतलाच नाही.

"जाऊन ये ना मग," नवरा म्हणाला.

"काम दुसऱ्याला दिलं आणि पाठोपाठ बघायला गेले, तर काय म्हणतील? म्हातारीचा विश्वास नाही म्हणतील."

"म्हणू देत की!"

पण ती गेली नाही. मानी होती ना! मानापायी माणसं बुडतात तशी पाखरंही बुडतात.

फाल्गुन सरत आला. दुपारी वारा गरम यायला लागला, आणि करकोच्यांचं काहीतरी बिनसलं. उतारू पाठीवर चढत असताना ते उठून उभे राहायचे. उगाच उड्या मारायचे. एकसारखे उत्तरेकडे माना वळवायचे. मोठ्या बेटावर निघालेला एक सरडा दोनदा घसरून पडला. पाणकोळीण बघत होती. असे पंख शिवशिवताना तिने कधी पाहिले नव्हते.

एका भर दुपारी अख्खी रांग हवेत उठली. गोल गोल घिरट्या घेत वर चढू लागली. पाणकोळिणीने धडपडत पंख मारले आणि म्होरक्याला गाठलं.

"अहो, कुठे निघालात?"

"घरी. उत्तरेला."

"आणि फेऱ्या?"

"थंडीत परत येऊ तेव्हा सुरू करू."

"मधले सात महिने?"

म्होरक्याला खरंच नवल वाटलं. "बाई, करकोचे उन्हाळ्यात इथे राहत नाहीत, हे या खाडीतल्या खेकड्यालाही ठाऊक आहे. तुम्ही सगळं विचारलंत, हे विचारलं नाहीत. मला वाटलं, ठाऊक असेल."

"ठिकरीला उन्हाळ्यात पाणी न्यावं लागतं!"

"पाणी?" त्याने आपल्या सडसडीत चोचीकडे पाहिलं. "ते आम्ही कशात नेणार?"

एवढं बोलून तो वर गेला. लबाड नव्हता तो. त्याचा रस्ता वेगळा होता, इतकंच. किनाऱ्यावर बोचकं घेऊन बसलेली खार आभाळाकडे बघत राहिली. "अहो, माझी पाळी होती!" ती ओरडली. ऐकायला कुणी नव्हतं.

पाणकोळीण तशीच खाडीकाठच्या झऱ्यावर गेली, झोळी भरून घेतली आणि निघाली. पण पाच महिने बसून काढलेले पंख ते. मोठं बेट ओलांडलं आणि खांद्यात कळ उठली. ती खाली खाली येत लाटेवर आपटली. झोळीतलं गोडं पाणी समुद्रात गेलं, समुद्राचं खारं पाणी झोळीत आलं. पोहत, फडफडत ती कशीबशी परतली. बांधावर बसून तिने चोच जमिनीवर टेकली.

नवरा सरकत सरकत जवळ आला. तिला वाटलं, आता हा बोलणार, मी सांगितलं होतं म्हणून. तो म्हणाला, "पुन्हा भर. या खेपेला मी पुढे उडतो. माझी झोळी रिकामी ठेवतो. वारा मी कापेन, तू फक्त माझ्या शेपटीमागे राहा."

"अहो, तुमचा पंख..."

"पंखाचं पंख बघेल. ऊठ."

दोघं निघाली. पाण्याला जवळजवळ टेकून, एकामागे एक. समोरचा वारा नवऱ्याच्या छातीवर आदळत होता. मोठं बेट गेलं. मधल्या बेटापाशी त्याचा दुखरा पंख वाकडा पडायला लागला, तरी तो चार लाटा पुढे गेला. मग वळून ओरडला, "आता तू जा! थांबू नकोस!" आणि मधल्या बेटाच्या वाळूवर कोसळल्यासारखा उतरला. तिने मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर झोळी कलंडली असती.

ठिकरीवर ती पोचली तेव्हा खळग्याच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटली होती. तळाशी तीन बेडूक एकमेकांना चिकटून बसले होते. त्यांच्यावर पाणी पडलं तरी ते हलले नाहीत. दोन बेडूक दगडाखालून बाहेर आले आणि पाण्यात पडले. आणि कपारीतून चिचुंद्री आली. तिची शेपूट पहिल्या पिल्लाच्या तोंडात, पहिल्याची दुसऱ्याच्या, अशी पाच पिल्लांची माळ तिच्यामागे फरफटत होती. पाचही जिवंत होती. कशी, ते तीच जाणे.

चिचुंद्रीने आधी पिल्लांना एकेक करून पाण्याला लावलं. सगळ्यांत शेवटी स्वतः प्यायली.

पाणकोळीण त्या तीन बेडकांकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"रडू नकोस मावशे," चिचुंद्री म्हणाली. "खाऱ्या पाण्याची इथे काही टंचाई नाही. उद्या येणार आहेस का, तेवढं सांग."

"येणार," पाणकोळीण म्हणाली.

आणि ती आली. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. कधी अर्धी झोळी सांडली, कधी पाव. मधल्या बेटावर नवरा आठ दिवस पडून होता, जाता-येता ती त्याच्यापुढे एक मासा टाकायची आणि तो म्हणायचा, "लहान आहे." तिने धरणावरच्या चौघांना सांगावा धाडला, "मासे टाका आणि या." दोघेच आले. तेवढ्यांवरच तिने ठिकरीचा उन्हाळा काढला. ती खार पुन्हा वासाच्या झोळीत बसायला लागली आणि वासाबद्दल तिने चकार शब्द काढला नाही.

पाऊस झाला, भात झालं, थंडी पडली. करकोचे आले. म्होरक्या बांधावर उतरला, तशीच मान लववली. "बाई, यंदाही फेऱ्या आम्ही बघतो."

"ज्येष्ठात इथे असाल?"

"छे हो."

"मग पाहुणे म्हणून राहा. खाचरात दाणे आहेत, हवे तेवढे टिपा. फेऱ्या आमच्या आम्ही करू."

"पण आमचे पंख तुमच्यापेक्षा बळकट आहेत," तो दुखावून म्हणाला.

"आहेत की! कोण नाही म्हणतंय?" असं म्हणून पाणकोळिणीने चोच उघडली. एक सरडा, दोन उंदीर आणि ठिकरीला परत निघालेला एक बेडूक झोळीत चढले. "नीट बसा रे, लाथा मारू नका," ती म्हणाली आणि पाण्यावरून धावत जाऊन उडाली.

तात्पर्य : ज्याला आपल्या गावचा उन्हाळा काढायचा नाही, त्याचे पंख कितीही मोठे असोत, गावाचं पाणी त्याच्या हवाली करू नये. आणि केलंच, तर पहिला दोष त्याच्याकडे जात नाही, न विचारणाऱ्याकडे जातो.