तांबूच्या अंगावरची झूल

एकदा एका पौषात सातपुड्याच्या पठारावर अशी थंडी पडली, की पहाटे गवतावरचे दव गोठून पांढरे दिसू लागले. त्या पठारावर धुंडिराजबाबा नावाचे एक वृद्ध वैद्य राहत. माणसांइतक्याच आस्थेने ते मुक्या प्राण्यांचीही चिकित्सा करीत. श्रीपती नावाचा त्यांचा शिष्य सहा वर्षे त्यांच्याजवळ शिकत होता. सगळी औषधे त्याला मुखोद्गत होती, आणि आता आपल्याला कुणाला विचारण्याची गरज उरलेली नाही, असे त्याला मनोमन वाटू लागले होते.

एके सकाळी धुके विरण्याआधीच पायथ्याच्या गावातले कापडाचे व्यापारी कुंदनशेठ बैलगाडी घेऊन दारात आले. गाडीत तांबू नावाचा म्हातारा कुत्रा पडून होता. त्याच्या अंगावर लोकरीची जाड झूल होती. आत कापूस भरलेला, काठाला रेशमी गोंडे, पोटाखाली बंद घट्ट बांधलेले. एवढे पांघरूण असूनही तो थरथरत होता, आणि मधूनच ती थरथरही थांबत होती.

"वैद्यबाबा, दोन दिवस झाले, यानं अन्नाला तोंड लावलं नाही," शेठजी म्हणाले. "घरातलं सगळ्यात उंची कापड काढून ही झूल शिवून घेतली. दत्तजयंतीपासून एक दिवससुद्धा याच्या अंगावरून काढली नाही. तरी हे असं! माझी बायको सुगंधा गेल्या वर्षी वारली. जाताना म्हणाली होती, तांबूला अंतर देऊ नका. याला काही झालं, तर मी तिला काय सांगू?"

श्रीपतीने वेळ दवडला नाही. त्याने तांबूला उचलून पेटत्या शेगडीला अगदी लगटून ठेवले, आणि झुलीवर आपली कांबळ पांघरली.

धुंडिराजबाबा आतून आले. त्यांनी कांबळ दूर केली. तांबूला शेगडीपासून चार हात मागे ओढले. मग खाली बसून झुलीचे बंद सोडले आणि झूलही काढून घेतली. त्या थंडीत तो म्हातारा जीव उघडा पडला.

"अहो बाबा, मरेल तो!" शेठजी ओरडले.

श्रीपतीही पुढे झाला. "बाबा, अंग गार पडलंय त्याचं. पांघरूण काय काढता?"

कोरड्या गोणपाटाने बाबा तांबूचे अंग पुसू लागले. पाठ, पोट, पंजे, बोटांमधल्या बेचक्यासुद्धा. वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात त्यांनी बाजेवर कोरडा पेंढा पसरला, वर जुने लुगडे घातले आणि तांबूला त्यावर निजवून सुक्या घोंगडीने झाकले. कोमट पेजेचे चार थेंब त्याच्या ओठांवर सोडले. पहिले ओघळून गेले. दुसऱ्या वेळी जीभ किंचित हलली.

मग ती झूल उचलून त्यांनी शेठजींसमोर धरली. "शेठजी, ही आतल्या बाजूनं आपल्या गालाला लावा."

शेठजींनी लावली, आणि चटका बसावा तसे ते मागे सरले. आतला सगळा कापूस ओला होता.

"रात्री हा कुठं निजतो?"

"बाहेर ओट्यावर. फरशीवर."

"रोज पहाटेचं दव या कापसात मुरलं. वरच्या लोकरीनं ते वाळू दिलं नाही. खालून फरशीनं अंगातली ऊब ओढून घेतली. बंदांखाली कातडी सोलली गेली आहे, ती तुम्ही पाहिलीत?"

शेठजींनी मान खाली घातली. मग म्हणाले, "नाही पाहिली. सुगंधा गेल्यापासून मी याला हातच लावलेला नाही. याला पाहिलं की ती आठवते. भाकरी गडी टाकतो. मी झूल दिली, आणि वाटलं, झालं आपलं."

बाबांचा स्वर मृदू झाला. "ऊब कापडात नसते, शेठजी. ती जिवाच्या अंगात असते. कापड फक्त तिची राखण करतं. कापड राखण करतंय की तीच ऊब पिऊन टाकतंय, हे गोंडे पाहून कळत नाही. त्याच्यासाठी रोज पांघरुणाखाली हात घालावा लागतो. या जिवाला बोलता येत नाही. तुमचा हात हीच त्याची वाचा." मग ते शिष्याकडे वळले. "आणि श्रीपती, बधिर झालेल्या अंगाला चटका कळत नाही, ते निखाऱ्याजवळ भाजतं. तू औषध बरोबर आठवलंस, पण झुलीखाली हात न घालता."

श्रीपती उठला, बाजेजवळ बसला आणि त्याने घोंगडीखाली हात सरकवला. तिथे अजून गारवा होता. पण छातीपाशी, अगदी आत, थोडी ऊब परतत होती. "शेठजी," तो हळूच म्हणाला, "इथं हात ठेवा."

कुंदनशेठ तीन दिवस तिथेच राहिले. स्वतः पेंढा बदलला, पेज भरवली, सोललेल्या जागी तेल लावले. दुसऱ्या दिवशी दुपारी तांबूने मान उचलून त्यांचा तळवा चाटला, तेव्हा वर्षभर आवरलेले रडू त्यांना आवरता आले नाही. कुणी त्यांना गप्प केले नाही.

तांबू त्या थंडीतून वाचला. पुढची थंडी मात्र त्याने पाहिली नाही. आषाढात निरोप आला, की तो म्हातारपणाने शांतपणे गेला. शेवटच्या दिवशी घराच्या आतल्या खोलीत, शेठजींच्या मांडीवर डोके ठेवून.

निरोप ऐकून श्रीपती गोठ्यात गेला. कालच व्यालेली शेळी तिथे बसली होती. कुणी सांगितले नव्हते, तरी तो वाकला आणि तिच्या पिलांच्या पोटाखाली हात घालून खालचे गवत कोरडे आहे ना, ते पाहू लागला.